समासातले कप

नणंदेने कागदांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला, तो आपटल्यासारखाच. हळू काही करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सगळा जन्म पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून मुलींना ओरडण्यात गेलेला. त्यामुळे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही ती, तो पलीकडच्या काठावर असल्यासारखी बोलायची.

"वाच," ती म्हणाली. "आणि हे बघ वहिनी, नातेवाईक म्हणून वाचू नकोस."

"वन्सं, सगळे हेच म्हणतात."

"म्हणू देत. मी खरंच म्हणतेय. पुस्तक आलं की लोक काय म्हणणार, मला आत्ताच ऐकू येतंय. भावजय प्रकाशनात आहे, तिनेच लिहून दिलं असणार. तसं एकानेही म्हटलं ना, तर ते पुस्तक मी खोल बाजूला नेऊन बुडवीन."

"कागद तरंगतो ताई," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"तू गप्प बस. तुला अजून नीट श्वास घेता येत नाही पाण्यात."

नवऱ्याने पान उलटलं. शहरातल्या निम्म्या बायकांना जिने पाण्यात उतरवलं तिला सख्ख्या धाकट्या भावाला पोहायला शिकवता आलं नव्हतं, आणि हे शल्य दोघांनी आपापल्या परीने जपून ठेवलं होतं.

नणंद निवृत्त झाली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, आता ही आपल्या घरांवर शिट्टी फुंकत फिरणार. पण ती घरी बसली आणि लिहू लागली. रोज सकाळी पोहून आल्यावर, ओल्या केसांनी. पानांवर जागोजागी पाण्याचे थेंब पडून शाई फुटलेली होती. बाईंनी गठ्ठा उचलून वजन पाहिलं, कडा ठोकून सारखा केला आणि नाकाशी नेला. क्लोरीनचा वास येत होता.

बाई म्हणजे या घरातल्या वहिनी आणि बाहेरच्या जगातल्या संपादक. त्या काम करत ती प्रकाशनसंस्था चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांत होती. तिथे त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि लोकांची हस्तलिखितं टाइप करता करता कुठे बोटं अडखळतात हे त्यांना कळत गेलं. बोटं अडखळली की वाक्यात काहीतरी खडा असतो. एक दिवस त्यांनी न विचारता एक खडा काढला. लेखक ओरडत आला, मग पुन्हा वाचून गप्प झाला, मग दुसऱ्या हस्तलिखिताबरोबर पेढ्यांऐवजी पेन्सिलींचा डबा घेऊन आला. तेव्हापासून बाई संपादक. कुठली पदवी नाही, कुठला वर्ग केलेला नाही. मालकांनी दारावर पाटी लावतो म्हटलं तर बाई म्हणाल्या, पाटी नको, खिडकीजवळचं टेबल द्या.

त्यांची एक पद्धत होती आणि ती त्या धंद्यात प्रसिद्ध होती. वाचताना जिथे चहा करायला उठावंसं वाटेल, तिथे त्या समासात पेन्सिलीने एक छोटा कप काढत. बस. 'कंटाळवाणे' असं त्या कधी लिहीत नसत. शेजारी बारीक अक्षरात एखादं वाक्य नमुन्यादाखल लिहीत आणि पुढे विचारत, 'असं काही?' मग हस्तलिखित लेखकाच्या हातात देताना बजावत, "जेवून घ्या, मग उघडा. उपाशीपोटी बघू नका."

लेखक कप मोजत. एका कादंबरीकाराने बिनकपाचं एक पान चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं म्हणतात. एका कवीने फोन करून विचारलं होतं, "बाई, माझ्या कपाला कान नाही काढलेला, याचा काही वेगळा अर्थ आहे का?" कान काढायचा राहिला होता. पण कवीला ते सांगितलं तर त्याचा विरस होईल म्हणून बाई म्हणाल्या, "विचार करा." तो अजून करत असेल.

तर नणंदेचं पुस्तक. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं, 'जलतरण हा सर्वांगसुंदर व्यायाम असून त्याचे फायदे अनेक आहेत.' बाईंनी डोळे मिटले. काठावर उभी राहून 'अगं ए, पाय का झाडतेयस, पाण्याने तुझं काय घोडं मारलंय?' असं ओरडणारी बाई कागदावर येताच नवी साडी नेसून, हात जोडून, व्यासपीठावर उभी राहिली होती. एक कप. पुढच्या पानावर दुसरा. मान्यवरांचे आभार होते, तलावाच्या लांबीरुंदीचं वर्णन होतं, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर इतकं होतं की बाईंना खरोखरच उठून चहा करावा लागला.

पण मधेमधे साडीचा पदर सुटत होता. 'रडणारी मुलगी पाण्यात ओळखू येत नाही असं लोकांना वाटतं. येते. गॉगल आतून भरतो.' असं काहीतरी अचानक यायचं आणि बाई पेन्सिल खाली ठेवायच्या.

आणि एके ठिकाणी एक बाई आल्या. नाव दिलेलं नव्हतं. नणंदेपेक्षा वयाने मोठ्या. त्या म्हणाल्या, मला पोहायला नाही शिकायचं, नुसतं पाण्यावर पडून राहायला शिकायचंय. नणंदेने विचारलं, का? तर म्हणाल्या, घरात पडले की सगळे विचारतात, बरं नाही का? मग कितीतरी सकाळी नणंदेने पाण्यात उभं राहून त्यांच्या पाठीखाली हात धरला. 'एक दिवस मी हात काढला. त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं. त्याही काही बोलल्या नाहीत. छताकडे बघत होत्या.'

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यात पाणी ठेवलं आणि त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाणी उकळलं, आटत आलं. पत्ती टाकायचं त्यांना सुचलं नाही. नवरा आत डोकावला आणि म्हणाला, "अगं, काय झालं? बरं नाही का?"

यावर त्यांना हसू आलं आणि रडूही, आणि नवऱ्याला काहीच कळेना. परत येऊन त्या टेबलाशी बसल्या. उठले होते, म्हणजे कप. हाताला इतक्या वर्षांची सवय; हाताने त्या ओळींशेजारी कप काढला आणि पुढचं पान उलटलं.

हस्तलिखित परत देताना बाईंनी नेहमीचं बजावलं. नणंदेने ते जिन्यातच उघडलं. घरापर्यंत जाऊन जेवायला वेळ लागला असता ना.

"काय गं हे," खालून आवाज आला. "चहाचं दुकान काढलंयस काय?"

"वन्सं, घरी जाऊन शांतपणे बघा."

"शांतच आहे मी," खालून गर्जना झाली आणि चष्म्याच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

नवा खर्डा आला तो बाईंच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर. बाईंनी खिडकीजवळ बसून वाचायला घेतला आणि मान वर केली तेव्हा ऑफिसातले सगळे जेवून परत आले होते. एकदाही उठल्या नव्हत्या. एकही कप नाही. वाक्यं कशी धुऊन वाळवून घडी घातल्यासारखी. सर्वांगसुंदर व्यायाम गेला, मान्यवर गेले, पाण्याची यंत्रणा गेली. बाईंची छाती फुगली. आमच्या वन्सं, त्या मनाशी म्हणाल्या. काय झटकन उचललं. मग अगदी हळूच त्यांनी स्वतःचीही पाठ थोपटली. शिकवणारंही बरं होतं म्हणायचं.

त्यांनी ते मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालक कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करत. शेवट वाईट असेल तर पुढची दगदग नको असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी ते दारातून डोकावले.

"बाई, कप नाही एकसुद्धा?"

"नाही."

"घेतलं. या खेपेला छपाईत एकाच पुस्तकाची जागा उरली होती, ती यांना. तुमच्या नणंदबाईंना कळवा."

नणंदेला कळवल्यावर तिने फोन ठेवायच्या आतच निम्म्या विद्यार्थिनींना सांगितलं असावं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं होतं.

आता प्रूफं तपासणाऱ्या गृहस्थांबद्दल. ऑफिसात त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण ते बोलताना कुठेही थांबत. माणूस सरळ. पोटात एक ओठात एक असं नाही. उलट पोटातलं ओठात यायला जरा जास्तच वेळ लागे. छपाईला जाण्याआधी त्यांच्याकडे पहिली काही प्रकरणं गेली. ते बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही, इतकं छान, लिहिता, हे माहीत नव्हतं."

"मी नाही लिहिलेलं. नणंदेचं आहे."

"हो का," स्वल्पविराम म्हणाले. "हो, म्हणजे, नाव त्यांचंच आहे, ते पाहिलं मी."

आणि समजूतदारपणे हसून निघून गेले. तो समजूतदारपणा बाईंच्या जिव्हारी लागला.

त्यांनी खर्डा पुन्हा पुढे ओढला. या वेळी डोळ्यांनी नाही, ओठ हलवत वाचला. आणि दुसऱ्याच पानावर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. 'असं काही?' म्हणून समासात जे नमुने त्यांनी लिहिले होते, ते सगळे इथे जसेच्या तसे बसले होते. तेवढंच नाही, उरलेली वाक्यंही त्या नमुन्यांवर बेतून केली होती. नणंद खेळाडू होती. शिकवणाऱ्याने हात करून दाखवला की तसाच हात मारायचा, वाद घालायचा नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने अख्खं पुस्तक वहिनीच्या चालीने पोहून दाखवलं होतं.

मग कप कसे येणार? स्वतः बोलत असताना चहाला कोण उठतं?

बाईंनी घाईघाईने पानं उलटली. त्यांना पाण्यावर पडून राहणाऱ्या बाई हव्या होत्या. त्या कुठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तलावावर गेल्या. नणंद निवृत्त झाली होती हे तलावाला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. नवी कोच मुलगी एका टोकाला मोठ्या मुलींना घेऊन होती आणि उथळ बाजूच्या पोरी आपोआप नणंदेच्या वाट्याला आल्या होत्या. ओल्या फरशीवरून चपला हातात घेऊन बाई पायऱ्यांपाशी पोहोचल्या.

"या संपादक," नणंद ओरडली. "उतरतेस का?"

"वन्सं, त्या बाई कुठे गेल्या?"

"कुठल्या बाई?"

"पाण्यावर पडून राहणाऱ्या."

नणंदेने टॉवेलने मान पुसली. "त्यांना काढलं. तिथे कप होता."

बाई पायरीवर बसल्या. पायरी ओली होती, साडी भिजली, पण आता उठण्यात अर्थ नव्हता.

"तो कप कंटाळ्याचा नव्हता," त्या म्हणाल्या. "तिथे मला बसवेना म्हणून मी उठले होते. पाणी ठेवलं आणि आटवून टाकलं. आणि येऊन मूर्खासारखा कप काढला. सवयीने."

"मला कसं कळणार ते?"

"नाहीच कळणार. माझ्याकडे त्याला दुसरी खूण नव्हती. आणखी एक सांगते, ओरडू नका. दुसरा खर्डा छान आहे. मालकांना आवडला. पण तो तुमचा नाही, माझा आहे. काल आमच्या प्रूफवाल्यांनी माझं अभिनंदन केलं."

नणंद ओरडली नाही. बाईंना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"म्हणजे," नणंद म्हणाली, आणि आवाज एवढा खाली आला होता की बाईंना पुढे झुकावं लागलं, "मी माझं लिहिलं तर तुला चहा प्यावासा वाटतो. तू सांगितलंस तसं लिहिलं तर ते तुझं होतं. मग माझं म्हणून काय राहिलं गं?"

इतक्या वर्षांत एवढ्या लेखकांना त्यांनी कप दिले. त्यांच्यातल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं की विचारायचं धाडस झालं नव्हतं, हे आत्ता पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात पाण्यात एक छोटी मुलगी काठ सोडून निघाली. बाईंना पोहण्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनाही दिसत होतं की हिचं सगळंच बिनसलंय. मान वर, हात पाण्यावर थापा मारल्यासारखे, तोंडाचा चंबू. नणंद ताडकन उठली.

"पाय बघ कसे मस्त चाललेत तुझे," ती काठाकाठाने चालत ओरडली. "तसेच. पायांना तेवढं सोडू नकोस. येऊ दे, येऊ दे. आली बघ."

मुलीने काठ पकडला. नणंद परत आली.

"हातही चुकत होते ना तिचे?" बाईंनी विचारलं.

"हात, मान, श्वास. काय बरोबर होतं ते विचार."

"मग सांगितलं का नाही?"

"सगळं सांगितलं तर बुडेल ना ती. एकावेळी एक." नणंद अजून रागातच होती, पण शिकवण्याचा विषय निघाला की तिला राग बाजूला ठेवावाच लागे. "आणि पाय खरंच चांगले होते. पाण्यातल्या माणसाला मी खोटं सांगत नाही. पण जे जमतंय ते सांगावं लागतं वहिनी. नाही सांगितलं तर त्याला काय कळणार? नको ते सोडताना ते पोर हवं तेही सोडून देतं."

एवढं बोलून ती थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"बोलू नकोस आता काही," नणंद म्हणाली. "माझं मलाच ऐकू आलं."

"पहिला खर्डा फाडलात का?"

"पिशवीत आहे. खाली. टोपीच्या खाली."

तो ओलसर, चोळामोळा झालेला गठ्ठा घेऊन बाई ऑफिसात आल्या आणि थेट मालकांकडे गेल्या. ते पुस्तक छपाईला देऊ नका, म्हणाल्या. मालकांनी चष्मा काढला.

"बाई, मी स्वीकारलेलं पुस्तक तुम्ही नाकारताय?"

"लेखिकेला मिळालेलं नाही अजून ते. मला मिळालंय."

"वाचकाला काय फरक पडतो?"

"तुम्हाला पडेल. दोन्ही वाचा आणि सांगा."

"आणि ही जागा दुसऱ्याला दिली तर?"

"तर जाईल," बाई म्हणाल्या. आवाज स्थिर ठेवला, पण टेबलाखाली पदर बोटाला गुंडाळत होत्या. नणंदेने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. पुस्तक आलं नाही तर ती कुणाला तोंड दाखवणार, आणि वहिनीला काय तोंड दाखवू देणार.

मालकांनी महिनाअखेरची मुदत दिली. दिली म्हणजे, "महिनाअखेर," एवढं म्हणून चष्मा परत घातला.

बाईंनी पहिला खर्डा पुन्हा वाचला. या वेळी त्यांनी शेजारी खराखुरा चहा करून ठेवला आणि वाचता वाचता जिथे तो विसरला, तिथे एक नवी खूण काढली. तोच कप, पण वर एक आडवी रेघ: साय धरलेला, गार झालेला चहा. गॉगल आतून भरतो, तिथे एक. पाण्यावरच्या बाईंपाशी एक, आणि जुना कप खोडरबराने पुसून टाकलेला. पोहता आलेल्या मुलीची आई काठावर रडते, ती आनंदाने नाही तर आता ही लांब जाणार म्हणून, तिथे एक. काढताना बाईंचा हात अवघडला. अशी खूण त्यांनी कुणालाच कधी दिली नव्हती. चांगलं असलं की त्या नुसत्या पुढे जात. लेखकांना ते आपोआप कळत असेल असं त्या धरून चालल्या होत्या.

नमुन्याचं वाक्य मात्र एकही लिहिलं नाही. शेवटी फक्त एक ओळ: 'वन्सं, जिथे साय आहे तिथे तुम्ही काठावर उभ्या आहात. बाकीच्या ठिकाणी खुर्चीत. उठा.'

नणंदेने ते घरी नेलं आणि, नवऱ्याने चौकशी केली तेव्हा कळलं, जेवून मग उघडलं.

तिसरा खर्डा महिनाअखेरीस आला. आणला तो नणंदेने स्वतः, आणि खुर्चीची वाट न बघता मालकांसमोर उभीच राहिली. मालकांनी तिच्यासमोर वाचायला घेतला. शेवटच्या पानापासून. बाई खिडकीजवळ उभ्या राहिल्या. त्यांनी आदल्या दिवशी तो घरी वाचून नणंदेला परत दिला होता आणि त्यात कप एकच काढला होता, तळाच्या जाळीच्या पानावर. तलावाच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते. तिचे स्क्रू कसे तपासायचे, बोट कुठे घालून बघायचं, केस मोकळे असलेल्या मुलीला तिथे का जाऊ द्यायचं नाही, अशी दोन पानं. पुस्तक कसं सुसाट चाललं होतं आणि मधेच ही जाळी.

मालक बराच वेळ वाचत होते. मधे एकदा हसले. मधे एकदा खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, तसेच पुढे गेले. मग म्हणाले, "हे वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?" नणंदेने विचारलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"म्हणजे जरा खडबडीत आहे. पण माणूस भेटतं. फक्त हे जाळीचं काढा. बाईंचाही कप आहे इथे."

"नाही."

मालकांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीबाहेर.

"कप बघितला मी," नणंद म्हणाली. "कंटाळा येतो, खरं आहे. मलाही यायचा. रोज सकाळी मुली यायच्या आधी मी खाली बुडी मारून ती जाळी बघायची. रोज. कधी काही निघालं नाही. म्हणून तर या पुस्तकातल्या सगळ्या मुली पुस्तकभर जिवंत आहेत. वाचणाऱ्याला दोन पानं कंटाळा आला तर येऊ दे. ज्याला चहा करायचाय त्याने करावा. मी थांबते."

"बाई, तुमचं काय मत?" मालकांनी विचारलं.

बाईंनी वळून खर्डा हातात घेतला, जाळीच्या पानावरचा कप खोडरबराने पुसला आणि वरचा भुगा फुंकरीने उडवला. "लेखिका नाही म्हणतेय ना," त्या म्हणाल्या.

त्या रोज घरी यायच्या तशाच त्या संध्याकाळी आल्या, पण नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे बघून वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय झालं?"

"तुमच्या बहिणीने आज सगळ्यांच्या समोर माझं ऐकलं नाही."

"मग तू अशी काय, बक्षीस मिळाल्यासारखी?"

"तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला अजून श्वास घेता येत नाही पाण्यात."

प्रूफं आली. स्वल्पविरामांनी ती घरी नेली, तपासून आणली आणि बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बाईंनी हातातलं काम थांबवलं. पुस्तक छपाईला निघालं होतं, पण निकाल खरं म्हणजे या माणसाच्या तोंडून लागायचा होता.

"बाई," ते म्हणाले, "ही, तुमची नणंद."

"हं."

"जरा, ओरडूनच लिहिते, नाही का?"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. खुर्ची, स्वतःच्या हाताने आणून. स्वल्पविराम गोंधळून बसले. "नाही, म्हणजे, वाईट म्हणत नाही मी," ते म्हणाले. "रात्री बायकोला, वाचून दाखवत होतो, तर ती म्हणाली, हळू वाचा, शेजारी झोपलेत. आता मी, हळूच, वाचत होतो. काय करणार, लिहिलंयच तसं."

ते गेल्यावर बाईंनी तलावावर फोन लावला. मागे पोरींचा कल्लोळ चालला होता, शिट्ट्या वाजत होत्या. त्यांनी शब्द न् शब्द सांगितला, स्वल्पविरामांच्या थांब्यांसकट.

पलीकडून नुसता तोच कल्लोळ आला.

"वन्सं? ऐकलंत का?"

"नाही ऐकू आलं," नणंद म्हणाली. आवाज जरा वेगळाच येत होता, गॉगल आतून भरल्यासारखा. "इथे फार गलका आहे. पुन्हा सांग. जरा मोठ्याने सांग."

बाईंनी ऑफिसभर नजर फिरवली. मालक आपल्या खोलीत, स्वल्पविराम आपल्या कोपऱ्यात, खाली चष्म्याचं दुकान. मग त्या उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच, पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने बोलल्या.